आधी रॉकेल, मग नंबर

जुन्या इंजिनाचा फोटो कुणी पाठवला की त्यात हमखास ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडावर, उठून आलेला नंबर असतो. तो ओतकामाचा, साच्याचा. त्याच नंबराची हजारो इंजिनं असतात. ओळख पटवतो तो पंच मारून खोल उमटवलेला नंबर, आणि तो बहुधा ग्रीस आणि रंगाच्या थरांखाली दडलेला असतो.

मी आधी रॉकेलने ग्रीस उतरवतो. मग पितळी ब्रश, तोही हलक्या हाताने. सँडपेपर अजिबात नाही! वर खडू चोळून फडकं फिरवलं आणि टॉर्च तिरका धरला, की पुसट ३ आहे का ८, ते कळतं.

फोर्डच्या मॉडेल टीला हा नंबर डाव्या बाजूला, पाणी आत येतं त्या जोडाच्या वर असतो. १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटी गाड्या निघाल्या आणि नंबर क्रमाने वाढत गेले, त्यामुळे नंबरावरून इंजिनाचा काळ चांगलाच जवळ येतो. गाडी मात्र नंतर जोडलेली असू शकते. जॅग्वारच्या एक्सके इंजिनात शेवटचा ७, ८ किंवा ९ म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा. मालिकेचा आकडा समजून तो यादीत शोधत बसू नका.

आणि नंबराभोवतीचा पृष्ठभाग नीट बघा. बाकी ब्लॉक खडबडीत आणि तेवढीच जागा ग्राइंडरने गुळगुळीत, आकडेही वरखाली? मग नंबर बदलल्याची शंका येते, आणि मी कागदपत्रं मागतो.