तुम्ही विचारलंत म्हणून: डेन्व्हरला एक धड बॉलर का मिळत नाही?

लातूरला फोन लावला की काका आधी सोयाबीनचा भाव सांगतात, मग पावसाचं, आणि मग विचारतात, "तुझी ती टीम? आज पण हरली?" मी हो म्हणतो. "अरे, एवढा पैसेवाला देश आणि तुम्हाला एक धड बॉलर मिळू नये?" हाच प्रश्न ऑफिसातली नवी मराठी पोरं विचारतात. गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही कुणीतरी विचारतंच. तेव्हा एकदा नीट सांगून टाकतो.

टीम म्हणजे आमची डेन्व्हरची बेसबॉल टीम, कॉलोराडो रॉकीज. २०२५ मध्ये १६२ पैकी ११९ सामने हरली. त्याआधीच्या दोन वर्षांत १०३ आणि १०१. मी डेन्व्हरला आलो २००७ मध्ये, आणि त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात या टीमने २२ पैकी २१ सामने जिंकून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, गाठली. (तिथे बॉस्टनने ४-० असं धुतलं, ते सोडा.) पहिल्याच दिवशी पुरणपोळी वाढलेल्या जावयासारखं माझं झालं. सासरी रोज हेच असतं असं वाटलं.

प्रश्नाला एक तयार उत्तर आहे: हवा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंचावर. आमच्या कूर्स फील्ड मैदानाच्या वरच्या मजल्यावर हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच ओळ जांभळी आहे, ती बरोबर ५,२८० फुटांवर. हवा विरळ म्हणून मारलेला चेंडू लांब जातो, हे कुणालाही कळतं. पण पिचरचं, म्हणजे इथल्या बॉलरचं, दुखणं वेगळं. चेंडू वळतो तो हवेच्या जोरावर. हवाच पातळ झाली की जो कर्व्ह बॉल बॅटखाली बुडायला हवा, तो जेमतेम वाकतो आणि ताटात वाढल्यासारखा समोर येतो. २००२ पासून इथे चेंडू दमट कपाटात ठेवतात, म्हणजे ते वाळून टणक होत नाहीत. उतार पडला, ताप गेला नाही.

हे उत्तर मी बरीच वर्षं दिलं. १० मे २०२५ नंतर सोडलं.

त्या शनिवारी मी मुलीला घेऊन मैदानावर होतो. सॅन दिएगो पाद्रेजने आम्हाला २१-० हरवलं. मुलगी पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरत होती. मधेच तिने चौकोन भरायचे सोडले, कागद उलटा केला आणि मागे मांजर काढायला घेतलं. मी मात्र समोरच्या पिचरकडे बघत होतो. स्टीफन कोलेक. आमच्या आसपास बसलेल्यांपैकी फार कुणाला नाव माहीत नसेल. त्याने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या, एकही रन न देता. तीच हवा, तेच कपाटातले चेंडू, तीच संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकलो, आणि जिंकल्यावर मॅनेजर बड ब्लॅकला नारळ मिळाला. तोवर ४० सामन्यांत ७ विजय होते. पण मॅनेजरने काय खिशातून पिचर काढायचे?

काका, तुमच्या प्रश्नातच गोम आहे. एक बॉलर नाही हो, दहा लागतात. १६२ सामने, प्रत्येकी नऊ इनिंग, म्हणजे वर्षाला जवळजवळ १,४५८ इनिंग कुणीतरी टाकायच्या. सुरुवात करणारा पिचर एकदा टाकून गेला की चार-पाच दिवस हाताला विश्रांती. म्हणून असे पाच लागतात. पाचांपैकी कुणाचा ना कुणाचा खांदा किंवा कोपर जूनपर्यंत बोलायला लागतंच. तेव्हा सहावा, सातवा, आठवा कोण, यावर मोसम ठरतो. आमच्याकडे सातव्या नंबरला जो असतो तो दुसरीकडे बहुधा खालच्या लीगमध्ये बसने प्रवास करत असता.

विकत आणायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. २००० च्या डिसेंबरात माइक हॅम्प्टनला ८ वर्षांसाठी १२ कोटी १० लाख डॉलर कबूल केले. दोन मोसमांत तो गेला. गंमत म्हणजे २००१ मध्ये या पिचरने बॅटिंग करताना ७ होम रन, म्हणजे आपले षटकारच, मारले! इथल्या हवेचा फायदा त्यालाही झालाच की. तेव्हापासून चांगला पिचर पैसे घेऊनही इथे यायला का कू करतो. राहिला एकच मार्ग, घरी पिकवणं.

या व्यवस्थेला इथे फार्म म्हणतात, शेतच. फ्रेस्नो, स्पोकेन, हार्टफर्ड, आल्बुकर्की या गावांतल्या आमच्या खालच्या टीमच्या पायऱ्या चढत पोरगा वर येतो. शेतात आम्ही बी महागडंच पेरलं. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमांनी पाळीपाळीने नवी पोरं निवडण्याच्या कार्यक्रमात, चौथ्या नंबरला रायली पिंट घेतला, शाळकरी पोरगा, ताशी १०० मैलांच्या आसपास टाकणारा. वेग होता, दिशा नव्हती. २०२१ मध्ये त्याने खेळच सोडला, पुढे परत आला, पण जम बसला नाही. २०२२ चा दहावा नंबर गेब्रियल ह्यूज, पुढच्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया. हे नशीब म्हणता येईल. जेफ हॉफमनचं काय म्हणायचं? आमच्याकडे पाच मोसम होता, नऊ इनिंगमागे सहाहून जास्त रन द्यायचा. इथून गेला, आणि २०२४ मध्ये फिलाडेल्फियाकडून ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंत गेला. डेन्व्हरची हवा सोडली म्हणून थोडं सुधारणारच, मान्य. पण त्याच्या हातात काय आहे आणि त्यातलं काय टाकायचं, काय नाही, हे दुसऱ्यांना दिसलं, आम्हाला दिसलं नाही.

मला कधीकधी मुंबईची कांगा क्रिकेट लीग आठवते. भर पावसाळ्यात, ओल्या विकेटवर. तिथे कुणी विकेट कोरडी व्हायची वाट बघत बसलं नाही. पोरं तशाच विकेटवर घडली. आमच्याकडे आल्बुकर्कीही पाचेक हजार फुटांवर आहे, म्हणजे शाळाही तयार आहे. पण पोरगा तिथे पुरता शिकायच्या आतच वर बोलावणं येतं. चेस डोलँडर, २०२३ चा नववा नंबर, हार्टफर्डनंतर आल्बुकर्कीला जेमतेम टेकून २०२५ च्या एप्रिलमध्ये डेन्व्हरला आला. त्या वर्षी बाहेरच्या मैदानांवर नऊ इनिंगमागे साडेतीनच्या आसपास रन, घरी जवळजवळ दहा. म्हणजे हवा आहेच, मी नाही म्हणत नाही. पण मोसमाच्या मध्यात त्याला खाली पाठवावं लागलं, तेव्हा त्याच्या जागी उभं करायला कोण होतं?

२०२५ च्या नोव्हेंबरात टीमने सूत्रं पॉल डिपोडेस्टाकडे दिली. घरच्याच माणसांना बढती द्यायची सवय असलेल्या या टीमने बाहेरचा माणूस आणला, तोही क्लीव्हलँडच्या अमेरिकन फुटबॉल टीममधून. बघू.

मी माझ्यापुरता बदल केलाय. आता आधी हार्टफर्डची मॅच लावतो. तिथलं घड्याळ आमच्या दोन तास पुढे, त्यामुळे आमच्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तिकडे सातवी-आठवी इनिंग आलेली असते. बायको आतून विचारते, कोण जिंकतंय? मी म्हणतो, ते नाही बघितलं, त्या नव्या पोराने भरकटलेले चेंडू टाकून किती जणांना फुकट वॉक दिले ते मोजतोय.