ओल्या कौलावरचं पाऊल

इंग्लंडमधल्या रेडिंगचा पहिला हिवाळा मी पायात दोन-दोन मोजे चढवून काढला. घरमालकाला हीटिंगबद्दल सांगितलं की तो म्हणायचा, बघतो. अशाच एका रविवारी, निदान ऊब तरी मिळेल म्हणून गावातल्या म्युझियममध्ये शिरले आणि तिथे सिल्चेस्टरची घरं भेटली.

सिल्चेस्टर इथून जवळच. ब्रिटन रोमन साम्राज्यात होतं तेव्हाचं हे कल्लेवा शहर १८९० ते १९०९ या काळात खणलं आणि पुन्हा मातीआड केलं. आज भोवतीचा तट तेवढा उभा आहे, आत गुरं चरतात.

तिथल्या कितीतरी घरांना चक्क कुडाच्या भिंती होत्या! लाकडी सांगाडा, काटक्यांचा कूड, वर मातीचा लेप. पैसेवाल्याच्या घरात मात्र एखाद्या खोलीची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली. बाहेर भट्टी पेटवायची, गरम हवा फरशीखालून फिरून भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर जायची. सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी! मला माझा घरमालक आठवला.

छपरावर कौलं. दोन्ही कडा उचललेली सपाट कौलं शेजारी-शेजारी, सांध्यावर पालथं नळीचं कौल. आपल्याकडच्या कुणाही गवंड्याला दाखवा, लगेच ओळखेल. भाजण्याआधी ती अंगणात वाळत घालत, आणि वाळवण म्हटलं की राखणीचा प्रश्न आलाच. सिल्चेस्टरच्या कौला-विटांवर कुत्री, मांजरं, शेळ्या-मेंढ्या, मुलं, सगळी नाचून गेली आहेत. कुत्र्याचं पाऊल तर अगदी स्पष्ट: मधली गादी, चार बोटं, पुढे नखांचे टोचे. कारागिराने शिवी हासडली असेल, पण कौल टाकून दिलं नाही. भट्टीत गेलं की सगळी सारखीच.

लंडनला सापडलेल्या एका भाजक्या विटेवर तर माणसाचीच चुगली आहे. ओल्या मातीत कुणीतरी लॅटिनमध्ये कोरलंय: ऑस्टॅलिस तेरा दिवस रोज आपला एकटाच भटकतोय. एवढंच. कामाचा खाडा असणार, दुसरं काय! बाकीच्यांनी त्याच्या वाटच्या विटा थापल्या असतील.

कुत्र्याच्या पावलाचा फोटो मी आईला पाठवला. तिचा जन्म कौलारू घरात गेला. दर वैशाखात शाकारणी, आणि तरी आषाढात माजघरात पातेलं. मला वाटलं, हरखेल. फोन आला.

“ते कुत्र्याचं राहू दे,” ती म्हणाली, “गळत होतं का, ते लिहिलंय कुठे?”