डार्सी झाली डॉक्टर

आजचा अख्खा रविवार सोनाली देव यांच्या 'प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स' (२०१९) या कादंबरीत गेला. धुण्याचा ढीग तसाच पडलाय.

ही जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची आधुनिक आवृत्ती. १८१३च्या त्या मूळ कादंबरीत पेच सरळ होता. घरात पाच मुली आणि वडिलांची इस्टेट जाणार लांबच्या पुरुष नातेवाइकाकडे. लग्न हीच पोटापाण्याची सोय. आजच्या नायिकेला स्वतःचा पगार असतो, मग तिचं अडणार कुठे? बऱ्याच आधुनिक अवतारांचं घोडं इथेच पेंड खातं. गैरसमज, पाऊस, मिठी, संपलं!

देवबाईंनी भूमिकाच उलट्या केल्यात. मूळ कादंबरीतला गर्विष्ठ नायक डार्सी म्हणजे इथे त्रिशा राजे, संस्थानिक घराण्यातली, कॅलिफोर्नियातली न्यूरोसर्जन. समोर शेफ डीजे. त्याच्या बहिणीच्या मेंदूत ट्यूमर. त्रिशाने ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. त्रिशाचा तोरा त्याला सोसावाच लागतो. नड खरी आहे, फक्त ती लग्नाची नाही. हे फार आवडलं.

('राजे' ऐकून आईने "आपल्यातलेच का गं?" विचारलंच!)

जेवणाची वर्णनं मात्र उपाशीपोटी वाचू नका. याच मालिकेतलं 'रेसिपी फॉर पर्स्वेजन' कुणाकडे आहे का?