अण्णांचं प्रमाणपत्र

१ ऑगस्ट म्हणजे महसूल दिन. महसुली वर्ष याच दिवशी सुरू होतं आणि चांगलं काम केलेल्या महसूल कर्मचाऱ्यांचा सत्कारही होतो. त्यात शिपाई, कोतवालांनाही बोलावतात, याचं मला फार अप्रूप आहे.

आमचे अण्णा कोतवाल होते. दवंडी द्यायची, नोटिसा पोचवायच्या, पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेबांबरोबर चिखल तुडवत टेप धरायची. ओढ्याला पाणी चढलं की रात्री कंदील घेऊन खालच्या वस्तीतली दारं ठोठवायची.

प्रमाणपत्र मिळालं तेव्हा आईने ते देवघराशेजारी लावलं. अण्णा त्यातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला सांगत: त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट. गावात सगळे त्यांना नुसतं ‘ए कोतवाल’ म्हणत.