माण तालुक्यातली जावा: दहा महिन्यांची नोंद

जुनी दुचाकी घेताना आधी कागद पाहावेत, मग पत्रा, आणि इंजिन सर्वांत शेवटी, हे माझे मत गेल्या दहा महिन्यांत अधिकच पक्के झाले आहे. इंजिन कितीही थकलेले असले तरी सिलिंडरचा बोअर मारून (आतली भिंत पुन्हा घासून) घेता येतो, क्रँकला (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याला) नवा कनेक्टिंग रॉड बसवता येतो, बेअरिंग आणि ऑइल सील बाजारात मिळतात. परंतु कुजलेली टाकी पुन्हा मूळच्या घाटाची होत नाही आणि ज्या गाडीच्या कागदांचा पत्ताच नाही ती कितीही चकाकली तरी रस्त्यावर आणता येत नाही. माझी १९७० ची जावा २५० सध्या कोठवर आली आहे, ते लिहितो.

सातारा जिल्ह्यात गाडी शोधायची तर पाऊस कोठे पडतो, याचा विचार आधी करावा. जावळी, महाबळेश्वर, पाटण या पट्ट्यात चार महिने ओल हटत नाही, तर माण, खटाव, फलटण ही कोरडी बाजू. मेढ्याजवळ पाहिलेली पहिली जावा वरून देखणी होती, पण टूलबॉक्सच्या तळाला अंगठा टेकवताच पत्र्याचा पापुद्रा हातात आला, आणि चेनकव्हरच्या खालच्या अंगाला तर पत्रा उरलाच नव्हता. दुसरी साताऱ्यातच, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एकाकडे होती. रंग आणि क्रोम ताजे होते, त्यामुळे मी पाच हजार रुपये इसार देऊन बसलो. नंतर आरसी बुक ताडून पाहिले, तेव्हा इंजिनाचा क्रमांक वेगळा निघाला. जावाच्या सांगाड्यात त्याच कारखान्याच्या, नंतरच्या काळातील येझदी गाडीचे इंजिन बसवलेले होते. इसार परत मिळाला नाही, आणि त्याबद्दलचा राग आजही गेलेला नाही.

इंजिन बदललेले असणे ही किरकोळ बाब नव्हे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि चासी (सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच त्यांत बसते. नव्याने नोंद होणाऱ्या अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, शुल्क २० हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. मात्र ती गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापरासाठी नाही.

तिसरी गाडी दहिवडीच्या पुढे एका वस्तीवर, कडब्याच्या गंजीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. अंगावर बोटभर धूळ होती, पण गंज जवळजवळ नव्हता. हेडलाइटपासून हँडलपर्यंत गेलेले थेंबाच्या आकाराचे नाक आणि त्यातील स्पीडोमीटर जागच्या जागी होते, १६ इंची दोन्ही रिम मूळच्या होत्या आणि दोन्ही सायलेन्सर शाबूत होते. मालक सत्तरीकडे झुकलेले होते. ते म्हणाले, “वडलांनी आणली तवा मी शाळंत हुतो. चालवणार असशील तर ने, नुसती उभी करून ठिवायला न्हाय द्यायची.” मी म्हणालो, “आबा, यवतेश्वराचा घाट चढवूनच तुम्हाला फोन करतो.” व्यवहार ७२ हजारांना ठरला.

आरसी बुक त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर होते. त्यामुळे आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर, मग नमुना २९ आणि ३० भरून माझ्या नावावर, त्यानंतर नमुना २५ वर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर, अशी वाट होती. चार महिने गेले. विंटेज नोंदणीचा मोह मला झाला होता, पण चालवण्याचा शब्द दिलेला असल्याने पाच वर्षांचे साधे नूतनीकरणच केले आणि जुना तीन अक्षरी क्रमांक तसाच राहिला. तो क्रमांक हाताने रंगवून घेताना मला जो आनंद झाला, तो पुढे नव्या रंगानेही दिला नाही.

ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. मूळ जावा कंपनी चेकोस्लोव्हाकियातली. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ मध्ये ते नाव तयार झाले. म्हैसूरला १९६१ पासून जावा बनू लागल्या, पुढे १९७३ पासून त्याच कारखान्यातून येझदी नावाने गाड्या निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणूनच टाकीवर जावाचे मूळ नाव असलेल्या देशी गाड्या मोजक्या काळातल्या आहेत आणि त्यांना मागणी मोठी आहे.

इंजिनाचे काम पावसाळ्यात केले. गाडी दहाव्या किकला सुरू झाली होती, पण पांढरा धूर थांबेना आणि गिअरबॉक्समधले तेल मात्र कमी होत होते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, हवाबंद असावी लागते. क्लचच्या बाजूचा सील कडक झाला की पिस्टन वर जाताना होणाऱ्या ओढीने गिअरबॉक्सचे तेल आत खेचले जाते आणि पेट्रोलबरोबर जळते. दुसऱ्या, म्हणजे डायनॅमोच्या, बाजूचा सील गेला तर तेलाऐवजी हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन तापून जाम होण्याची भीती असते. म्हणून दोन्ही सील आणि क्रँकची बेअरिंग एकदमच बदलली. बोअर ६५ मिलिमीटरचा असतो; तो घासलेला असल्याने पुढच्या मापाचा पिस्टन घातला. सायलेन्सरमधला कार्बन कॉस्टिक सोड्यात दोन दिवस भिजवून काढला, ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटचे अंतर ०.४ मिलिमीटर ठेवले आणि पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलिलिटर ऑइल घालतो आहे.

नुकसान झाले ते क्रोमच्या कामात. टाकीच्या बाजूचे क्रोम नवे करून घेण्यासाठी ती एका ठिकाणी दिली. तेथे बफिंग करताना पत्रा इतका घासला गेला, की डाव्या बाजूच्या घडीची धार बोथट झाली. लांबून कळत नाही, पण त्या घडीवरून बोट फिरवले की उजवी बाजू टोचते आणि डावी गुळगुळीत लागते. मागच्या मडगार्डला मात्र मी कोणाला हात लावू दिला नाही. त्याचा मूळ मरून रंग पॉलिश करूनच राखला आहे.

किकचा दांडाच गिअरचा दांडा होतो, ही जावाची करामत मला अजूनही तितकीच भावते. दांडा आत दाबून मागे फिरवायचा, किक मारायची आणि इंजिन धडधडू लागले की तोच दांडा पुढे आणून गिअर टाकायचा. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. माझ्या गाडीत हा दांडा पुढे आल्यावर नीट अडकत नव्हता, कारण आतल्या खाचा झिजल्या होत्या. कराडच्या एका लेथवाल्याने तो तुकडा भरून, घासून, तीनदा बसवून पाहून दिला. त्या कारागिराच्या हाताला तोड नाही.

गेल्या रविवारी पहाटे यवतेश्वराचा घाट चढलो. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी न कुरकुरता वर आली, धूर पातळ निळसर होता, आणि देवळापाशी थांबून गिअरबॉक्सचे तेल पाहिले तर ते होते तेवढेच होते. तेथूनच आबांना फोन लावला. त्यांनी आधी इंजिनाचा आवाज ऐकवायला सांगितले. मी फोन सायलेन्सरजवळ धरला, आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सहा व्होल्टच्या दिव्याचा उजेड अजून मंद आहे. डायनॅमोचे ब्रश बदलून पाहणार आहे. यिकोव्ह बनावटीच्या कार्बोरेटरवरचे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावरचे) मूळ झाकण मात्र मिळालेले नाही. सांगली किंवा कोल्हापूरकडे कोणाजवळ ते असल्यास मी स्वतः येऊन घेऊन जाईन.