साग हवा, तर जुनं घर शोधा

बँकॉकमध्ये मी इंटिरिअरची कामं घेतो. मूळच्या नाशिकच्या एका कुटुंबाची अट साफ होती: मुख्य दार सागवानी, जिना भरीव लाकडाचा, प्लायवर चिकटवलेलं काही चालणार नाही. "थायलंडात राहतो आणि साग मिळत नाही म्हणता?" असं काका फोनवर म्हणाले.

मिळतो, पण जंगलातून नाही. १९८८च्या नोव्हेंबरात दक्षिणेत महापूर आला, उघड्याबोडक्या डोंगरांवरून चिखलासकट ओंडके गावांवर कोसळले आणि १९८९च्या जानेवारीत सरकारने नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद केली. त्यामुळे साग घ्यायचा तो लागवडीचा, बाहेरून आणलेला, नाहीतर मोडलेल्या घरांचा.

आमच्या थाई मिस्त्रींना घेऊन बांग फोला, बँकॉकमधल्या लाकूडबाजारात गेलो. तिथल्या प्रचा नारुमित गल्लीत दुतर्फा दारं, चौकटी, कठडे, कोरीव पट्ट्या. पहिल्याच दुकानात झकास पॉलिश केलेलं 'सागाचं' दार दाखवलं. मिस्त्रींनी ते आडवं करायला लावलं आणि खालची कड बघितली. तिथे सहसा कुणी पॉलिश लावत नाही. पृष्ठभागावरच्या रेषा कडेपर्यंत येऊन थांबत होत्या, आत दुसरंच लाकूड. पुढच्या दुकानात लाकूड खरं होतं, पण वीतभर तुकडे दातेरी सांध्यांनी जोडलेले. वाईट माल नव्हे, फक्त काकांना तो चालला नसता.

लागवडीचा साग दाखवणारी बाई मात्र सरळ होती. रंग फिका, वाढीच्या रेषा एकमेकींपासून लांब, दोन्ही कडांना पांढरा, कच्चा भाग. "तो कापून टाकलात तर रुंदी किती उरेल बघा," असं तिनंच सांगितलं. खिडक्यांसाठी तिच्याकडूनच घेतला.

दारासाठी मागच्या वखारीत शिरलो. उत्तरेकडच्या मोडलेल्या घरांचे खांब, तुळया, फळ्या; सगळं राखाडी, खिळ्यांच्या भोकांनी भरलेलं. मिस्त्रींनी एका तुळईवर रंधा फिरवला आणि खालून सोनेरी तपकिरी लाकूड निघालं, तेलकट वासासकट. एके काळी हा साग पिंग, योम, नान या नद्यांतून तरंगत बँकॉकला यायचा. तोडणाऱ्या कंपन्यांत १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनही होती, हे काकांना सांगायला मला आवडलं असतं. पण त्यांना दाराची तारीख हवी होती.

खरी पंचाईत मापांची. इथे जाडी-रुंदी इंचांत सांगतात आणि लांबी मीटरमध्ये, त्याची सवय होते. पण जमिनीच्या फळ्या दाराच्या चौकटीला पातळ पडतात, आणि खांब जाड असले तरी जिथे तुळई अडकवलेली असते तिथे आरपार खाच असते. दोन खाचांमध्ये सव्वादोन मीटर सलग लाकूड सापडेपर्यंत ढीग उपसत बसलो. दुपार त्यातच गेली. शेवटी एका लांब तुळईतून दोन उभ्या पट्ट्या निघतील असं दिसलं, पण करवतवाला ती हातात घेईना. लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढल्यावरच त्याने यंत्र सुरू केलं. बरोबरच आहे, आत तुटून राहिलेला एक खिळा पात्याचे दात घालवतो.

पायऱ्यांना साग नकोच, हे मिस्त्रींचं मत आणि माझंही. रोजच्या पायाखाली 'माय देंग' टिकतं. लालसर, सागापेक्षा कितीतरी जड, कठीण. हाच आपल्या कोकणातला जांभा वृक्ष. काकांनी फोनवर कुरकुर केली, म्हणून तुकडा घरी नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोलून पाहिला, अंगठ्याच्या नखाने ओरखडायचा प्रयत्न केला आणि मग दराबद्दल विचारलं. म्हणजे जमलं.

वखारवालीने पावतीवर 'जुन्या घराचं लाकूड' आणि प्रत्येक नगाचं माप लिहून दिलं. लाकूड जंगलातलं नाही हे दाखवणारा तो कागद हातात पडेपर्यंत ट्रकवाल्याने गाडी सुरू केली नाही.

खिळ्यांची भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवा, असा काकांचा निरोप होता. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली आणि त्याच तुळईच्या उरलेल्या तुकड्यातून खुंट्या करायला घेतल्या.