विंडोज सर्व्हर बॅकअप: शेअर नको, डिस्क द्या

विंडोज सर्व्हरबरोबर फुकट मिळणारं बॅकअपचं साधन बरेच जण हसण्यावारी नेतात. सर्व्हर २००८ मध्ये ते एनटीबॅकअप या जुन्या साधनाच्या जागी आलं आणि दिसायला आजही जवळपास तेव्हासारखंच आहे. तरी एक-दोन सर्व्हर आणि पंधरा-वीस माणसांचं ऑफिस एवढ्याला ते पुरतं. मात्र बॅकअप कुठे ठेवायचा हे चुकलं, की बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नाही.

हे साधन आधीपासून बसवलेलं नसतं. सर्व्हर मॅनेजरमधून घ्यावं लागतं, तेही फीचर्सच्या यादीतून. रोल्समध्ये ते सापडणार नाही. शेड्यूल करताना 'बेअर मेटल रिकव्हरी'वर (रिकाम्या मशीनवर अख्खा सर्व्हर परत उभा करणं) टिक केली की सिस्टिम स्टेट (विंडोजची रजिस्ट्रीसारखी मूळ माहिती), बूटचं पार्टिशन आणि सी ड्राइव्ह आपोआप निवडले जातात. डेटाचे ड्राइव्ह मात्र आठवणीने जोडायचे.

आता जागा. नेटवर्क शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) किंवा नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) निवडलं, तर तिथे फक्त शेवटचा बॅकअप राहतो. नवा लिहिताना जुना पुसला जातो, आणि मध्येच फेल गेला तर हातात एकही उरत नाही, असा इशारा विझार्ड स्वतः देतो; आपण 'ओके' दाबून पुढे जातो. सोमवारी बिघडलेली फाइल गुरुवारी लक्षात आली, तर शेअरवर बिघडलेलीच फाइल असते. रोज वेगळ्या फोल्डरमध्ये बॅकअप टाकणारी स्क्रिप्ट लिहिता येते, पण मग प्रत्येक फोल्डरमध्ये पूर्ण प्रत. जागा लगेच संपते.

स्वतंत्र डिस्क दिली तर गोष्ट वेगळी. विझार्ड ती फॉरमॅट करतो (आधीचा डेटा गेला समजा), ड्राइव्ह लेटर काढतो, एक्सप्लोररमध्ये ती दिसत नाही. मागच्या आवृत्त्या शॅडो कॉपीच्या (ड्राइव्हच्या त्या-त्या क्षणाच्या नोंदीच्या) रूपात राहतात, त्यामुळे जागा बदललेल्या ब्लॉकपुरतीच वाढते. कमी पडली की जुन्यात जुनी आवृत्ती आपोआप गळते. डिस्क डेटाच्या किमान दीडपट घ्या, महिनाभर मागे जायचं असेल तर अडीचपट. आणि एक नको, दोन यूएसबी डिस्क एकाच शेड्यूलमध्ये जोडा. एक लावलेली, दुसरी ऑफिसबाहेर, दर आठवड्याला अदलाबदल. प्रत्येक डिस्कला मिळालेलं लेबल स्टिकरवर लिहून चिकटवा, नाहीतर ऐनवेळी कुठली कुठल्या सर्व्हरची ते कळत नाही. डिस्क लपलेली आहे म्हणून रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) सुरक्षित, असं समजू नका. ॲडमिनचे अधिकार मिळाले की ते शॅडो कॉपी आणि बॅकअपचा कॅटलॉग (यादी) पुसतं. वाचते ती काढून ठेवलेली डिस्क.

फेल जाण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे छोटं सिस्टिम रिझर्व्ह्ड किंवा रिकव्हरी पार्टिशन. ५०० एमबीपेक्षा लहान पार्टिशनवर निदान ५० एमबी मोकळी जागा लागते, त्याहून मोठ्यावर ३२० एमबी. नसेल तर शॅडो कॉपीच बनत नाही. संदेश येतो 'जागा अपुरी', आणि माणूस बॅकअपच्या डिस्ककडे बघत बसतो.

फेल गेल्याचा ईमेल हे साधन स्वतः पाठवत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बॅकअपच्या लॉगला यशाचा क्रमांक ४ येतो. अपयशाचे क्रमांक मात्र अनेक. म्हणून चोवीस तासांत ४ आला नाही तर ओरडणारी पॉवरशेल स्क्रिप्ट लावा. सर्व्हर रात्री बंदच होता, हेही त्यात पकडलं जातं.

रिस्टोअर करताना त्याच आवृत्तीच्या पेनड्राइव्हवरून बूट करा: रिपेअर, ट्रबलशूट, सिस्टिम इमेज रिकव्हरी. जुना सर्व्हर यूईएफआयवर (बूट करण्याची नवी पद्धत) असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआयमध्येच बूट व्हायला हवा. रेड (RAID) कार्डचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डचा, ड्रायव्हर वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. तो लोड केल्याशिवाय डिस्क दिसतच नाही. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. १ टीबीवर फक्त २०० जीबी भरलेले असले, तरी ४८० जीबीची एसएसडी नाकारली जाते. डेटाची डिस्क शाबूत असेल तर 'एक्सक्लूड डिस्क्स'मध्ये तिच्यावर टिक करायला विसरू नका. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर कॉपी केला असेल, तर 'विंडोजइमेजबॅकअप' हे फोल्डर नाव न बदलता थेट रूटवर हवं.

इमेज नॅसवर असेल तर आणखी एक पेच. मेलेला सर्व्हरच डीएचसीपी देत (म्हणजे आपोआप आयपी पत्ते वाटत) असेल, तर रिकव्हरीत आयपी मिळत नाही. कमांड प्रॉम्प्टवरून नेटएसएच या कमांडने हाताने द्यावा लागतो. नॅसचं लॉगिन डोमेनचं असेल आणि डोमेन कंट्रोलर (ऑफिसभराची लॉगिन तपासणारा सर्व्हर) हाच एकटा, तर लॉगिन तपासायलाही कोणी नाही. नॅसवर एक लोकल युजर आधीच करून ठेवा.

डोमेन कंट्रोलरचा बॅकअप १८० दिवसांपेक्षा जुना झाला की तो वापरू नये. टूमस्टोनची (पुसलेल्या नोंदीच्या खुणेची) नेहमीची मुदत तेवढीच असते. त्याची नुसती सिस्टिम स्टेट परत आणायची तर डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडमध्ये जावं लागतं. तिथला पासवर्ड डोमेन ॲडमिनचा नसून सर्व्हरला डोमेन कंट्रोलर केलं तेव्हा दिलेला असतो. आठवत नसेल तर सर्व्हर चालू आहे तोवर एनटीडीएसयूटिल या कमांडने तो बदलून घ्या.